आमची वाटचाल: कपडेपटापासून निर्मितीपर्यंत

गोव्यात चित्रीकरणाला येणाऱ्या युनिटसाठी परवानग्या, लोकेशन, गाड्या, जेवण, राहणं, माणसं अशी सगळी जुळवाजुळव करणं, म्हणजे लाइन प्रोडक्शन, हा आमचा मुख्य व्यवसाय. जोडीला फोंड्यात नाटकाचे कपडे भाड्याने देणारा कपडेपट आहे आणि अधूनमधून आम्ही स्वतः निर्मितीही करतो. ज्यांच्या गोष्टीत लहान मुलं आहेत असे निर्माते आवर्जून आमच्याकडे येतात. त्याला कारण आहे. मी स्वतः बालकलाकार होते.

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा भागात, नाटक घरोघरी. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच तोंडाला रंग लावून मराठी संगीत नाटक करायचं, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. मास्टर दीनानाथांची मंगेशीही याच भागातली. बाबा उत्सवी नाटकांत खलनायक करायचे, आई कपडे सांभाळायची. अशाच एका नाटकात मी बालकृष्ण झाले होते, ते पाहून एका मराठी चित्रपटासाठी बोलावणं आलं, आणि माझं बालपण फोंडा आणि मुंबई यांच्यात वाटलं गेलं. श्रेयनामावलीत नावाआधी ‘बेबी’ लागायचं.

कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मला मनापासून आवडायचं. जीव जायचा तो ताटकळण्याने. सकाळी मेकअप करून बसवायचे आणि शॉट लागायचा रात्री. डोळ्यांवर झोप, पोटात फक्त चहा-बिस्किटं, आणि त्यात रडण्याचा प्रसंग असला की खरं पाणी यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम दरडावायचं. आई सोबत असायची म्हणून माझं निभावलं. जिच्यासोबत घरचं कुणी नसे, अशा मुलीचे हाल मी जवळून पाहिलेत. ते अजून डोक्यातून जात नाहीत.

पुढे उंची वाढली, ‘बेबी’ गळून पडलं आणि कामंही थांबली. मी फोंड्याला परतून कॉमर्सची पदवी घेतली आणि आईच्या कपडेपटात बसू लागले. धंदा कसा करायचा ते तिथे शिकले. दिवाळीनंतर जत्रा-उत्सव सुरू झाले की शेले, मुकुट, चिलखतं, नऊवारी सगळं बाहेर. पावसाळ्यात उलट: गोव्याच्या दमट हवेत मखमलीला बुरशी धरते आणि जरीकाम काळं पडतं, म्हणून कपडे सतत हवेशीर ठेवावे लागतात. परत आलेला प्रत्येक कपडा आई शिवणीपर्यंत तपासायची. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, अनामत घेतल्याशिवाय गाठोडं हलत नसे.

२००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला आणि गोव्याचा झाला. मुंबईच्या चित्रपटवाल्या मंडळींना समुद्रकिनाऱ्यापलीकडचा गोवाही दिसू लागला. आमच्याकडे आधी कपडे मागायला यायची, मग ‘जुनं घर दाखवा’, ‘होडी मिळेल का’ सुरू झालं. त्यातून लाइन प्रोडक्शन उभं राहिलं.

हे काम बाहेरून सोपं वाटतं. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा आहे. पण किल्ला असेल तर पुरातत्त्व खातं, जंगल असेल तर वनखातं, मांडवीत बोट घालायची तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स, आणि गावात पंचायत. शिवाय पणजीतल्या फोंतैन्याससारख्या जुन्या वस्तीत खरी परवानगी तिथल्या रहिवाशांची. दारासमोर दिवसभर कॅमेरे रोखलेले कुणाला आवडतील? आम्ही आधी घरोघरी जाऊन सांगतो: किती वाजता येणार, जनरेटर कुठे लावणार, गल्ली किती वेळ अडणार. आणि दिलेल्या वेळेला पॅकअप म्हणजे पॅकअप.

पैशांचं गणित आणखी अवघड. बाहेरचा निर्माता शेवटचा हप्ता शेड्यूल संपल्यावर देतो, पण केटरर, गाडीवाले, रोजावरची माणसं यांना त्याच आठवड्यात चुकते करावे लागतात. एका कंपनीने आमचं शेवटचं बिल कधीच दिलं नाही. आम्ही मात्र आमच्या माणसांचा पै न पै दिला. तेव्हापासून आईचीच पद्धत: ट्रक गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवी नाका ओलांडण्याआधी ॲडव्हान्स खात्यात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं आणि मालिकांची युनिटं गोव्यात उतरली. कामाचा पूर आला. मेच्या सुरुवातीला कोरोनाने इथेही उचल खाल्ली, तेव्हा सगळ्या परवानग्या रद्द झाल्या. आमचं मोठं नुकसान झालं. तरी तो निर्णय योग्यच होता असं मी तेव्हाही म्हणत होते. हॉस्पिटलात खाटा मिळत नसताना सेट चालू ठेवणं मला पटणारं नव्हतं.

आता मुलांविषयी. २०१७ मध्ये बालकामगार नियमांत दुरुस्ती झाली आणि बालकलाकारांच्या बाबतीत गोष्टी कागदावर आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे वाचताना मला भरून आलं होतं. अनेकांना ही कटकट वाटते. आम्ही मात्र कॉल शीट, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसाचं वेळापत्रक, तिथूनच लिहायला घेतो: आधी मुलांचे तास, मग हिरोच्या तारखा. मुलांसाठी वेगळी खोली, वेळेवर गरम जेवण, अभ्यासाला बाई. रात्रीच्या शिफ्टला मूल हवं असेल तर ते काम आम्ही घेत नाही. मोठी रक्कम त्यापायी सोडलेली आहे.

आमची पहिली स्वतःची निर्मिती, एक छोटा कोंकणी चित्रपट, याच पद्धतीने झाली. दिवाडी बेटावर, मे महिन्याच्या सुटीत, म्हणजे कुणाची शाळा बुडली नाही. सकाळी आठला सुरुवात, दुपारी एकला मुलं फेरीबोटीत. शेड्यूल लांबलं, खर्च वाढला, पण एकाही मुलाला रडवण्यासाठी दरडावलं नाही. प्रसंग समजावून सांगितला की मुलं करतात, आणि फार सुंदर करतात.

सध्या दुसऱ्या चित्रपटाची पटकथा तयार आहे आणि डिचोली-सत्तरी भागात लोकेशनची रेकी, म्हणजे पाहणी, चालू आहे. मुलं स्थानिक शाळांतूनच निवडणार आहोत. पालकांनी निवडीच्या वेळी सोबत यायलाच हवं. कपडेपटही चालू आहे. शाळांच्या नाटकांना कपडे निम्म्या भाड्यात मिळतात, अनामत मात्र पूर्ण घेतो.