रांगेतली मुले, मैदानातली मुले

शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

कालचा मुसळधार पाऊस ओसरला, आणि फ्रीमॉन्टहून बार्ट रेल्वेने निघालेली माझ्या बास्केटबॉलच्या शिकवणीतली बारा-तेरा वर्षांची मुले-मुली पॉवेल स्टेशनवर उतरून चालतच मोस्कोनी सेंटरला पोहोचली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे एनबीएचा, ऑल-स्टार वीकेंड (निवडक खेळाडूंचे सामने आणि स्पर्धा) यंदा सॅन फ्रान्सिस्कोत आहे. या शहराभोवतीच्या बे एरियात तो यापूर्वी २००० मध्ये, ओकलंडला झाला होता, आणि विन्स कार्टरने तेव्हा मारलेल्या डंकची (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबण्याची) गोष्ट यांतल्या दोन-तीन मुलांचे वडील अजून रंगवून सांगतात. मुलांना त्या गोष्टीत फारसा रस नाही. त्यांना स्वतः बॉल हातात घ्यायचा होता.

सकाळच्या सराव-शिबिरात पहिली वीस मिनिटे माझ्या मुलींचे सगळे शॉट रिंगच्या अलीकडेच पडत होते. घरी एरवी सहज बास्केट करणारी मुलगी खांद्यातून बॉल ढकलू लागली, तेव्हा मी जवळ जाऊन पाहिले. त्यांना सात नंबरचे बॉल दिले होते. मुली सहा नंबरच्या बॉलने खेळतात. त्याचा घेर साडेअठ्ठावीस इंच असतो, तर सात नंबरचा साडेएकोणतीस इंच. वजनातही फरक असतो. कागदावर किरकोळ वाटणारा हा एक इंच लहान हातांची मनगटाची सगळी सवय मोडून टाकतो. तेथील एका प्रशिक्षिकेला हे सांगताच तिने एकही प्रश्न न विचारता रॅक बदलून आणला, आणि मुलींना म्हणाली, ‘तुमचा बॉल मागून घ्यायला शिका.’ मला हे वाक्य आजच्या दिवसातले सर्वांत मोलाचे वाटते, कारण इतक्या झगमगाटात मुले काहीही मागायला बिचकतात. जे हातात ठेवले जाईल ते आनंदाने घेतात आणि चूक स्वतःचीच आहे असे मानतात.

दुपारी टी मार्गाच्या मेट्रोने, जिथे सामने होणार होते ते चेस सेंटर गाठले. खेळाडू मैदानात येतात त्या वाटेवर दुतर्फा उभे राहून त्यांना टाळी द्यायची, एवढेच मुलांचे काम होते, आणि त्यासाठी रंगीत तालीम झाली. हात किती उंच ठेवायचा, मागे कोणी सरकायचे, कॅमेरा आल्यावर कोठे पाहायचे, हे पुनःपुन्हा सांगण्यात आले. मग दीर्घ प्रतीक्षा. मुलांनी ती निमूटपणे सोसली, पण मला ती सोसवेना. एवढ्या मोठ्या सोहळ्यात वेळापत्रक मिनिटांवर चालते हे मला समजते. तरीही खेळणाऱ्या मुलांना शोभेसाठी उभे केले जाते तेव्हा त्यांच्यातला खेळाडू कोणालाच दिसत नाही, आणि हे मला खटकते.

सुदैवाने एका कर्मचाऱ्याने मुलांना सराव चालू असताना बेसलाइनमागे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेमागे, बसू दिले. त्या अर्ध्या तासात त्यांनी जे टिपले ते मी शिकवून आले नसते. एक तरुण खेळाडू रिंगच्या अगदी पुढ्यात उभा राहून एका हाताने शॉट मारत होता, प्रत्येक बास्केटनंतर एकच पाऊल मागे सरकत होता. ‘हे तर तुम्ही आम्हाला करायला लावता,’ एक मुलगा जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला. होय, आणि जगातल्या सर्वोत्तम संघटनेतला माणूसही तेच करतो. आजपासून या सरावाबद्दल कुरकुर कमी होईल अशी मला आशा आहे.

संध्याकाळच्या रायझिंग स्टार्स या नवोदितांच्या स्पर्धेची रचना मला आवडली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूंचे तीन संघ, चौथा संघ जी लीगचा (एनबीएच्या खालच्या पातळीवरच्या लीगचा), आणि घड्याळाऐवजी गुणांचे लक्ष्य: उपांत्य सामन्यात ४० आणि अंतिम सामन्यात २५. वेळ काढून सामना जिंकता येत नाही, शेवटची बास्केट कोणीतरी करावीच लागते. ख्रिस मलिनच्या संघाने अंतिम सामन्यात जी लीगला २५-१४ असे हरवले, आणि वीस वर्षांचा स्टीफन कॅसल सर्वोत्तम खेळाडू ठरला. परतीच्या गाडीत मुले त्याच्या वयातून आपले वय वजा करत होती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आजचा दिवस स्पर्धांचा. तीन गुणांच्या स्पर्धेत ७० सेकंदांत २७ बॉल मारायचे असतात, आणि रॅकवरून बॉल उचलण्याची लय बिघडली की नेमही बिघडतो. मुलांनी गुणांपेक्षा पायांकडे पाहावे असे मी सांगितले होते. शेवटच्या रॅकपाशी पाय जड झाले की शॉट आखूड पडतो, हे त्यांनी स्वतःच हेरले. टायलर हिरोने अंतिम फेरीत २४ गुण मिळवून बडी हिल्डला एका गुणाने मागे टाकले.

खरा वाद मात्र स्किल्स चॅलेंजवरून, म्हणजे ड्रिबल, पास आणि शॉट यांच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीवरून, पेटला. ख्रिस पॉल आणि व्हिक्टर वेम्बान्यामा यांच्या जोडीने वेळ वाचवण्यासाठी शॉट नेमाने मारण्याऐवजी नुसतेच भिरकावले, आणि त्यांना बाद ठरवण्यात आले. विजेतेपद क्लीव्हलँडच्या डोनोव्हन मिचेल आणि इव्हान मोबली यांना मिळाले. माझ्या गटात लगेच दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की नियमात फट असेल तर ती शोधणे हीसुद्धा हुशारी आहे. दुसरी बाजू म्हणे, कौशल्याच्या स्पर्धेत कौशल्यच टाळायचे तर मग उतरायचे कशाला? मी मध्ये पडले नाही. आजूबाजूची मोठी माणसे हसण्यावारी नेत होती, आणि ही मुले मात्र नियम कसा लिहायला हवा होता याचा काथ्याकूट करत होती. कालची रांगेत उभी केलेली हीच ती मुले, असे राहून राहून मनात येत होते.

डंकच्या स्पर्धेत मॅक मॅक्लंगने मोटारीवरून झेप घेत डंक मारला, चारही वेळा पन्नास गुण मिळवले आणि सलग तिसऱ्यांदा जिंकला. त्याच्याशी अटीतटीची लढत दिली ती कॅसलने, म्हणून आमच्याकडे हळहळ होती.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचा मुख्य ऑल-स्टार सोहळा घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. शुक्रवारचे विजेते आज थेट ऑल-स्टार खेळाडूंसमोर उतरले आणि ४२-३५ असे हरले; नवख्या मुलांना ही संधी देण्याची कल्पना योग्यच होती. पण अंतिम सामना मध्येच थांबवून लांबलचक सत्कार झाला, तेव्हा खेळाडूंचे स्नायू आखडत असतील या विचाराने मी अस्वस्थ झाले. स्टेफ करी घरच्या मैदानावर सर्वोत्तम ठरला.

हे सगळे पाहताना मुंबई आठवत राहिली. तिथे नागपाड्याच्या मैदानांनी अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार घडवला, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचा भारतातला पहिला सामना झाला तेव्हा प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरले होते. ती मुले आता विशीच्या उंबरठ्यावर असतील. त्यांतल्या किती जणांच्या हातात अजून बॉल आहे, हा प्रश्न मला आज फार छळत आहे. २०१५ पासून ऑल-स्टारच्या दिवसांतच देशोदेशीच्या निवडक मुलांचे ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिर भरते. पुढे एनबीएत खेळलेला जमाल मरे पहिल्याच वर्षीच्या शिबिरात होता. पण सामना दाखवणे आणि रोज संध्याकाळी मैदान, रिंग व कोच मिळवून देणे यांत फार मोठे अंतर आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सरावाला मुले ठरल्या वेळेच्या आधीच हजर होती. एकाच्या हातात वहीचा कागद होता. स्किल्स चॅलेंज आपण खेळायचे, पण आपल्या नियमांनी: शॉट रिंगला किंवा बोर्डला लागलाच पाहिजे, नाहीतर त्याच जागेवरून पुन्हा, मुलींना सहा नंबरचा बॉल, आणि ज्याची पाळी नसेल त्याने नुसते उभे न राहता रिबाउंड घेऊन बॉल परत द्यायचा. मी एकच दुरुस्ती सुचवली, की ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन मारायचा शॉट) डाव्या हातानेही व्हावा. त्यावर मतदान झाले आणि माझी सूचना दोन मतांनी फेटाळली गेली. मग शंकू मांडले, घड्याळ लावले आणि सुरुवात केली.