तंबोऱ्यासारखा एक अल्बम
आज संध्याकाळी आमच्या घरी आम्ही पाच जणांनी ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९७८ सालचा ‘अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम सलग ऐकला, आणि अवघ्या चार रचनांवर मते मात्र अगदी वेगवेगळी निघाली.

धाकट्या भावाला पहिली रचना संपूच नये असे वाटले. रॉबर्ट वायट यांच्या पियानोचे मोजके सूर ऐकताना त्याने हातातला चहा तसाच गार होऊ दिला. आत्याला मात्र गाणे अजून सुरूच झालेले नाही असे वाटत राहिले. तिचा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण बंदिशीची वाट पाहणाऱ्या कानाला येथे केवळ जुळलेला तंबोराच मिळतो.

दुसऱ्या रचनेत स्त्रियांच्या आवाजांतील एकेक दीर्घ स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरतो. एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी, आणि म्हणून तेच स्वर दर खेपेला नव्या संगतीत भेटतात. हे समजल्यावर आत्याने ती रचना डोळे मिटून पुन्हा ऐकली आणि म्हणाली, “अरे, यात मधली शांतता ऐकायची आहे.”

शेवटच्या, सिंथेसायझरवरच्या रचनेबद्दल कोणीच काही बोलले नाही. ती संपली तेव्हा अंधार पडला होता, तरी दिवा लावायला बराच वेळ कोणी उठले नाही.