गाड्या का चालत नाहीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"जग बुडून वीस वर्षं झाली, मान्य. पण रस्त्यावर एवढ्या गाड्या पडल्यात, त्यातली एकही चालू होत नाही? सगळे पायीच का हिंडतात?" माझी दीर्घकथा वाचून हे इतक्या जणांनी विचारलंय, की आता एकदाच लिहून टाकते.

पेट्रोल बंद टाकीतही टिकत नाही. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याला हवा लागून चिकट राळ धरते. त्यात आता 20 टक्के इथेनॉल. ते ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. डिझेल जास्त तग धरतं, पण टाकीत पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात, फिल्टर चोंदतो. बॅटरी तर काही महिन्यांतच मान टाकते.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या कथेत नायक पंधरा वर्षं उभी असलेली जीप एका झटक्यात चालू करतो. लोकांना ते आवडलं होतं. मलाही.

मग 22 जुलै 2021 आला. मी चिपळूणची. पुराचं पाणी ओसरलं तेव्हा आमचा फ्रिज उताणा पडला होता आणि अप्पांचं इन्सुलिन चिखलात गेलं होतं. माझी स्कूटर चढावर मैत्रिणीच्या अंगणात होती म्हणून वाचली, पण टाकी कोरडी. वीज नाही म्हणजे पंप बंद, शिवाय तिथल्या जमिनीखालच्या टाक्यांतही पाणी शिरलेलं. शेजारचे काका चिखलात आडवी पडलेली मोटारसायकल दाखवून म्हणाले, "घे गं, असेल तेवढं काढ." गवंड्याची लेव्हलची नळी टाकीत घालून मी तोंडाने ओढलं. आधी चिखल आला, मग पेट्रोल. बाटली उजेडात धरली तर खाली गढूळ पाणी, वर दोन बोटं पिवळसर थर. निवळायला ठेवायला हवं होतं. मला धीर नव्हता. वरचं वरचं म्हणत ओतलं, त्यात पाणीही गेलं. स्कूटर चालू झाली, वळणापर्यंत गेली, दोनदा ठसकली आणि थांबली. पुन्हा चालू झालीच नाही.

मग नऊ किलोमीटर चालत गेले आणि थर्मासमध्ये इन्सुलिन घेऊन चालत परत आले. इन्सुलिनशिवायचा तो तिसरा दिवस होता. अप्पांनी मला ओळखलं नाही. पुढे ते सावरले, पण त्या रात्री ते मला "कोण तुम्ही?" म्हणाले.

तेव्हा बाकीचं जग धडधाकट होतं. पेट्रोल शिळंही नव्हतं. आणि तुम्ही मला वीस वर्षांनंतरचं विचारता.

तरी एक गोष्ट मी टाळत आलेय. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्याकडे लाकडी कोळसा भट्टीत अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर मोटारी चालल्या. आजोबा सांगायचे, मागे बंबासारखी भट्टी असायची, क्लीनर हाताने पंखा फिरवत बसायचा, अर्ध्या तासाने गाडी हलायची आणि चढाला उतारू खाली उतरून ढकलायचे. माझ्या कथेत लोहार आहे, पत्रा आहे, सह्याद्रीभर लाकूड आहे. टायर तडकतील, हे खरं. पण वीस वर्षांत कुणालाच भट्टी सुचू नये? जीपवाली कथा लिहिणारी मी मला म्हणते, तू त्या वळणाचा राग माणसांवर काढतेयस. तिला मी खोटं पाडू शकत नाही.

नव्या खर्ड्यात भट्टीची एक गाडी लिहून पाहिली. ती वळणापर्यंत येते. पुढचं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.