अकरा नमुने

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी मीटिंग चालू असताना मेसेज आला. ‘आपल्या ११ नमुन्यांच्या साठवणुकीची मुदत या महिनाअखेर संपत आहे.’ कसले नमुने, हे मला दोन सेकंद कळेचना. ऑफिसचंच काहीतरी असेल म्हणून फोन पालथाही घातला. मग लख्ख आठवलं. तीन वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेली माझी स्त्रीबीजं.

त्या दोन सेकंदांनी उरलेली दुपार खाल्ली.

विसरले होते मी. चक्क विसरले होते. ज्यांच्यासाठी अकरा दिवस रोज ठरल्या वेळी पोटाची चिमूट धरून सुई टोचून घेतली, एक दिवसाआड सोनोग्राफीला जाऊन बीजकोश किती मिलिमीटरचे झाले ते पाठ केलं, त्या. बीजं पक्व करणारं शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन तर रात्री बरोबर साडेदहाला. तिथून ३६ तासांनी बीजं काढायची, मागेपुढे चालणार नाही, असं बजावलेलं. मी तीन गजर लावले होते. स. हसला होता त्या तीन गजरांना. तेव्हा तो... असो.

भूल उतरताना पहिला शब्द तोंडातून निघाला तो ‘किती?’ १४ निघाली, त्यातली ११ पक्व. उरलेली तीन कच्ची, ती ठेवून उपयोग नाही म्हणाल्या डॉक्टर. त्या तिघींसाठी मी आठवडाभर हळहळत होते. पोट फुगलेलं, पाऊल टाकलं की दुखायचं, आणि मी पडल्यापडल्या गेलेल्या तिघींचा हिशेब करतेय. हातातल्या अकरा मात्र वर्षभरात एकदाही आठवू नयेत? गेल्या वर्षी मेसेज आला तेव्हा निदान रडले तरी होते.

आठवण न ठेवल्याचा अपराधीपणा तरी नक्की कुणाविषयी वाटतोय मला? ती बाळं नाहीत. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत अगदी स्पष्ट सांगितलं होतं. वितळवताना काही टिकत नाहीत, टिकलेल्या सगळ्या फळत नाहीत, फळलेल्या सगळ्या रुजत नाहीत. ‘याला विमा समजू नकोस,’ हे त्यांचेच शब्द. मीही मान डोलावली होती. तरी अकरा हा आकडा ऐकल्यावर मी मनातल्या मनात अकरा खुर्च्या मांडल्याच होत्या.

एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं बीज. शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, म्हणे. आत पाणी इतकं की सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक होऊन ती आतूनच फाटते. म्हणून इतक्या झपाट्याने थंड करतात की बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, काचेसारखी होऊन राहते. मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांना. तिथे दिवस उगवत नाही की वर्ष सरत नाही. मी ३९ ची झाले, त्या ३६ च्याच आहेत. मेसेज वाचून आधी जो झोंबला तो अपराधीपणा होता की हेवा, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

गोठवलेल्या बीजातून पहिला जन्म ऑस्ट्रेलियात १९८६ साली झाला. माझ्याच साली. तेव्हा हे वाचून मला उगाच शुभशकुन वाटला होता. आज वाटतंय, म्हणजे तेव्हा जन्मलेल्यांचेही आता केस पांढरे व्हायला लागले असतील.

संध्याकाळी ताईला फोन केला. मी विसरले गं, म्हटलं, वर्षभर विसरले. ती म्हणाली, ‘बरंय की. म्हणजे वर्ष चांगलं गेलं.’ मला राग आला, गप्प बसले. मग म्हणाली, ‘मी एकदा धाकट्याला शाळेत विसरून घरी आले होते. आणि तो तर बोलणारा होता.’

दोघी बराच वेळ हसलो. मी थोडी रडलेही असेन.

नंतर वाटलं, मी कसला हिशेब ठेवणार! जन्मले तेव्हा आत १० ते २० लाख बीजं होती. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरली. आयुष्यभरात बाहेर पडणार फक्त चार-पाचशे. बाकीची शरीराने परस्पर जिरवून टाकली. त्याबद्दल मला कुणी मेसेज पाठवला नाही, मुदतवाढीचं विचारलं नाही. लाखोंचा पत्ता नाही आणि मी अकरांसाठी डोकं धरून बसलेय.

आणि शब्द तरी काय वापरावा माणसांनी! नमुने. आमच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, टाकीत अकरा आणि बारावा घरात.

रात्री फॉर्म उघडला. साठवणूक सुरू ठेवावी, संशोधनाला द्यावेत, नष्ट करावेत. तीन चौकोन. पहिल्या वर्षी, मी मेले तर काय करायचं, असाही एक प्रश्न होता. तिथे ‘नष्ट’वर मी पटकन खूण केली होती, पेनही उचललं नव्हतं. अडतं ते वरच्या तिघांत. स. असता तर... नाही, आज तो विषय नको.

सुरू ठेवावी. पैसे भरले, पावती आली.

पुढच्या वर्षीसाठी फोनमध्ये रिमाइंडर लावला. त्याला नाव काय द्यावं यात दहा मिनिटं गेली. ‘नमुने’ लिहिलं तर पुन्हा हेच होणार. खरं लिहावं तर आई अधूनमधून माझा फोन चाळते, आणि तिला अजून काही सांगितलेलं नाही. शेवटी ‘अकरा जणी’ एवढंच लिहिलं. विचारलंच तिने, तर शाळेच्या मैत्रिणींचं गेट-टुगेदर म्हणून सांगेन.