तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या रेकॉर्ड कुठल्या घ्यायच्या?

"ताई, टर्नटेबल घेतलंय. आता डीप हाऊसच्या, डेट्रॉइट वळणाच्या नव्या रेकॉर्ड कुठल्या घेऊ? यादी द्या ना." डीजे म्हणून माझा सेट संपला, केबल गुंडाळायला घेतल्या की कोणीतरी हे विचारतंच. (डीप हाऊस म्हणजे क्लबात वाजणारं संथ, उबदार नाचाचं संगीत. डेट्रॉइट हे अमेरिकेतलं शहर, त्याच्या जरा वेगवान भावंडाचं, टेक्नोचं माहेर.) यादी दिली की माणूस खूश होतो आणि आठवड्याभरात फोन करतो: यातलं निम्मं मिळतच नाहीये. मिळणार कसं? या जातीच्या रेकॉर्ड बहुतेक वेळा काहीशेच छापतात. संपल्या की त्याच रेकॉर्डला जुन्या बाजारात वाट्टेल तो भाव. म्हणून मी हल्ली नावांची यादी देत नाही, लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, सांगते.

थिओ पॅरिशचं साउंड सिग्नेचर, मूडीमॅनचं केडीजे, ओमर-एसचं एफएक्सएचई. तिघंही डेट्रॉइटचे संगीतकार, तिघांचीही लेबलं स्वतःच्या मालकीची. त्या शहराची ही जुनी खोड आहे. टेक्नोवाल्या हुआन अ‍ॅटकिन्सनं १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे लेबल काढलं तेव्हापासून, दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, आपलं आपण छापायचं. छापायला गावातच आर्चर नावाचा कारखाना, १९६५ पासून एकाच कुटुंबाच्या हातात. डीप हाऊस मुळात शिकागोचं. लॅरी हर्डचं 'कॅन यू फील इट' १९८६ चं. थिओ पॅरिशही वाढला शिकागोत, डेट्रॉइटला आला नव्वदच्या दशकात. त्यामुळे या दोन गावांमध्ये फार कडक रेघ ओढत बसू नका.

आता 'डेट्रॉइटचा प्रभाव' असं लिहून विकल्या जाणाऱ्या नव्या मालाबद्दल. त्यात चांगलं आहे, पण भरताड जास्त. टीआर-९०९ या ड्रम मशीनचं हाय-हॅट (झांजेचा आवाज), वर धुक्यासारखे पसरलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), कव्हरवर हातानं मारलेला शिक्का, झालं डेट्रॉइट! माझी एक साधी परीक्षा आहे. ते कॉर्ड मनातल्या मनात काढून टाका आणि फक्त बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) आणि ड्रम ऐका. तेवढ्यावर पाय हलतोय का? नसेल तर पैसे वाचवा. थिओ पॅरिशच्या कित्येक ट्रॅकमध्ये ड्रम घड्याळात बसवलेले नसतात, ते मागेपुढे डुलतात. अशी रेकॉर्ड दुसरीत मिक्स करताना पिचच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या, पट्टीवरून बोट उचलायची सोय नाही. वैताग येतो, पण ती रेकॉर्ड दहाव्यांदा लावतानाही कंटाळा येत नाही.

दुकानांच्या साइटवर ऐकायला मिळतो तो दोन मिनिटांचा तुकडा, आणि तो अर्थातच गाण्यातला सगळ्यात गोड भाग असतो. आपल्याला लागतं ते सुरुवातीचं आणि शेवटचं मिनिट, जिथे नुसता ठेका असतो आणि दुसरी रेकॉर्ड आत सरकवता येते. ते कुठेतरी पूर्ण ऐकल्याशिवाय घेऊ नका. रेकॉर्ड हातात आल्यावर मात्र दिव्याखाली तिरकी धरून बघा. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) थांबते तिथे खाचांची छटा बदलते, स्पष्ट पट्टा दिसतो. ब्रेक, म्हणजे ठेका थांबतो ती जागा, कुठे आहे हे सुई ठेवायच्या आधीच कळतं.

तेवढ्यात वेळही बघा. खाच जितकी रुंद तितका आवाज भारी, पण खाचा रुंद असल्या की एका बाजूवर कमी मिनिटं मावतात. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर सात-आठ मिनिटांचा एकच ट्रॅक, तोही ४५ च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) वेगावर, असेल तर क्लबात ती छातीत वाजते. त्याच बाजूवर तीन ट्रॅक कोंबलेले असतील तर पुटपुटते. आणि मध्याजवळच्या ट्रॅकची सुईखालची चाल मंदावते, त्यामुळे तिथली हाय-हॅट चरचरतात. माझ्या मते एका बाजूला दोन ट्रॅक असतील तर बाहेरच्या ट्रॅकसाठीच रेकॉर्ड घ्यावी.

रेकॉर्डच्या या खाचा कोरण्याचं काम डेट्रॉइटमध्ये वर्षानुवर्षं रॉन मर्फी करायचा. तो २००८ मध्ये गेला. जुन्या रेकॉर्डच्या मध्याजवळच्या कोऱ्या कड्यावर 'एनएससी' अशी कोरलेली अक्षरं दिसली तर समजा, त्याच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनची खूण. कोरण्याची करामत कुठवर जाते बघा. टेक्नोवाल्या जेफ मिल्सच्या १९९४ च्या 'सायकल ३०' या रेकॉर्डवर बंद खाचा आहेत: सुई पुढे सरकतच नाही, एकाच फेरीत फिरत राहते. ३३⅓ च्या वेगावर एक फेरी १.८ सेकंदांची, त्यात चार ठोके नेमके बसवायचे तर टेंपो मिनिटाला १३३ ठोक्यांच्या आसपासच लागतो. डीप हाऊस चालतं साधारण १२० वर, म्हणून ही गंमत टेक्नोवाल्यांच्याच वाट्याला जास्त. (हे गणित मी पार्टीत सांगायला लागले की लोक पाणी आणायला जातात.)

पैशाचं म्हणाल तर रेकॉर्डपेक्षा टपाल आणि ड्यूटी जास्त बोचते. तिघा-चौघांनी मिळून एकच पार्सल मागवा. पावसाळ्यात कव्हरं भिंतीला चिकटवून ठेवू नका, बुरशी धरते.

आणि आता ज्यावर सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघतात ते. पहिल्याच खरेदीत चार वेगवेगळ्या रेकॉर्ड घेऊ नका. तुम्हाला मनापासून आवडलेली, ठेका सरळ असलेली एकच निवडा आणि तिच्या दोन प्रती घ्या. दोन्ही डेकवर (टर्नटेबलवर) तीच लावा. टेंपो जुळलाय की नाही हे तेव्हा लपत नाही, कारण जराशी घसरली तरी दोन किक एकमेकींवर आपटताना ऐकू येतात. जुळल्या की एकीची सुरुवात संपत आली असताना दुसरी पुन्हा पहिल्यापासून सोडायची, आणि दोन मिनिटांची सुरुवात हवी तितकी लांबवायची. पार्सल उघडताना घरच्यांना सांगा की दुकानदारानं चुकून दोन पाठवल्या.