बोर्डावरचे आकडे आणि खालचे पाणी

पॅडलबोर्डिंग, म्हणजे लांब बोर्डावर उभे राहून वल्हवणे, केवळ विरंगुळा न ठेवता त्यात नेटाने प्रगती करायची असे ठरवलेल्या बहुतेकांच्या मनगटावर लवकरच जीपीएस घड्याळ येते, आणि काही काळाने छातीला हृदयगती मोजणारा पट्टाही येतो. ही साधने मी स्वतः नियमितपणे वापरते आणि ती वापरावीत असेच माझे मत आहे. मात्र त्यांच्या पडद्यावर जो आकडा सर्वांत ठळक दिसतो, तो म्हणजे वेग, सरावाचे मोजमाप म्हणून एकटा घेतला तर सर्वांत फसवा ठरतो.

जीपीएस मोजते तो जमिनीच्या सापेक्ष वेग. आपण मात्र जोर लावतो पाण्यावर, आणि ते पाणी स्वतः हलत असते. समजा, स्थिर पाण्यात ताशी ८ किलोमीटर वेगाने वल्हवणारी व्यक्ती ताशी १ किलोमीटरच्या प्रवाहाबरोबर २ किलोमीटर गेली आणि तितकेच अंतर प्रवाहाविरुद्ध परत आली. जाताना घड्याळ ताशी ९ दाखवील, येताना ताशी ७. जायला १३ मिनिटे २० सेकंद लागतील आणि परतायला १७ मिनिटे ९ सेकंद. एकूण वेळ साडेतीस मिनिटांच्या आसपास भरेल, म्हणजे स्थिर पाण्यातील ३० मिनिटांपेक्षा जास्त. प्रवाहाने जाताना दिले तेवढेच येताना घेतले, असा हिशेब येथे लागत नाही, कारण विरुद्ध दिशेला आपण अधिक काळ असतो. त्यामुळे एकूण अंतराला एकूण वेळेने भागण्याऐवजी दोन्ही फेऱ्यांच्या वेगांची साधी सरासरी काढावी: ९ आणि ७ यांची सरासरी ८, म्हणजे पाण्याच्या सापेक्ष असलेला खरा वेग. अर्थात, दोन्ही फेऱ्यांत श्रम सारखे असले आणि प्रवाह मधेच बदलला नाही, तरच हे खरे. वाऱ्याच्या बाबतीत एवढी सोय नाही, कारण उभे शरीर समोरचा वारा पूर्ण अंगावर घेते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाठीवरचा वारा समोरच्या वाऱ्याचे नुकसान भरून देत नाही.

वेगाच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे बोर्डाची लांबी. पाणी कापत जाणारा बोर्ड स्वतःच लाट निर्माण करतो, आणि त्या लाटेची लांबी बोर्डाच्या लांबीएवढी झाली की पुढचा प्रत्येक अंश वेग फार महाग पडू लागतो. नौकाशास्त्रातील जुन्या ठोकताळ्यानुसार १४ फुटी बोर्डासाठी ही मर्यादा ताशी सुमारे ९.३ किलोमीटर आणि साडेबारा फुटी बोर्डासाठी सुमारे ८.८ किलोमीटर येते. अरुंद रेसिंग बोर्ड आणि बळकट खेळाडू ती ओलांडतातही, पण तिच्या जवळपास पोहोचल्यावर हृदयगती झपाट्याने वाढत राहते आणि वेगाचा आकडा जेमतेम हलतो. हे ठाऊक नसले की सराव थिजला आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मग पाहावे काय? माझ्या मते प्रति स्ट्रोक (वल्ह्याच्या एका ओढीमागे) कापलेले अंतर आणि मिनिटाला पडणारे स्ट्रोक ही जोडी. ताशी ८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. ४५ स्ट्रोकांत ते कापले तर प्रत्येक स्ट्रोकला जवळपास ३ मीटर मिळतात. तीच व्यक्ती थकल्यावर किंवा घाई केल्यावर ५४ स्ट्रोक मारून ताशी ८.४ पर्यंत जात असेल, तर स्ट्रोकमागे २.६ मीटरच उरतात. स्ट्रोक २० टक्क्यांनी वाढले आणि वेग मात्र केवळ ५ टक्क्यांनी. वल्ह्याचे पाते पूर्ण बुडण्याआधीच ओढ सुरू होणे, पाते पायांच्या मागे फार लांब नेणे, कंबरेतून पुढे न झुकता नुसत्या दंडांनी ओढणे, या सगळ्या चुका वेगाच्या आकड्यात दिसत नाहीत. त्या येथे दिसतात. लांब पल्ल्याच्या सरावात पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातील प्रति स्ट्रोक अंतराची तुलना करावी. तंत्र नेमके कुठे ढासळू लागले ते त्यातून बऱ्यापैकी कळते. हे अंतरही जीपीएसवरूनच काढलेले असते, म्हणून प्रवाहाची भेसळ त्यातही असतेच आणि दोन्ही दिशांची सरासरी येथेही घ्यावी लागते.

स्ट्रोक मोजण्याचे काम घड्याळातील त्वरणमापक मनगटाच्या हालचालीवरून करतो, आणि त्याची फसगत सहज होते. वरच्या हाताची आणि खालच्या हाताची हालचाल वेगळी असते. बाजू बदलली की घड्याळ घातलेला हात एकदा मुठीवर येतो, एकदा दांड्यावर. लाटांत तोल सावरण्यासाठी मारलेला आधाराचा फटकाही काही घड्याळे स्ट्रोक म्हणून धरतात. वल्ह्याच्या दांड्यावरच बसणारे संवेदक या बाबतीत अधिक विश्वासार्ह असतात. घड्याळच वापरायचे असेल, तर अधूनमधून अर्धा मिनिट स्ट्रोक स्वतः मोजून दुप्पट करावेत आणि ताळा पाहावा.

हृदयगतीच्या बाबतीत मी छातीच्या पट्ट्याच्या बाजूची आहे. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्तप्रवाहातील बदल टिपते. वल्हे घट्ट धरल्याने ताणलेले स्नायू, वाकणारे मनगट आणि गार पाण्याने आकसलेल्या रक्तवाहिन्या हे तिन्ही अडथळे पॅडलबोर्डवर एकाच वेळी हजर असतात. कधी कधी तर घड्याळ हृदयगतीऐवजी हाताच्या लयीचाच आकडा दाखवत राहते. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, त्यामुळे हा घोळ टळतो. पाण्यात पडल्यावर पट्ट्याचा घड्याळाशी असलेला संपर्क तुटतो, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. नोंद स्वतःच्या स्मृतीत साठवणारा पट्टा असेल तर तेवढा भाग नंतर भरून निघतो.

हृदयगतीचे टप्पे ठरवताना २२० वजा वय हे सूत्र सर्रास वापरले जाते, पण प्रत्यक्ष कमाल गती त्याच्या दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे. शिवाय हातांच्या कष्टात गाठता येणारी कमाल गती धावण्यातील कमाल गतीपेक्षा बहुधा कमीच असते. धावण्याच्या सरावातून आलेले टप्पे बोर्डावर जसेच्या तसे वापरले, तर सोपा म्हणून ठरवलेला सराव प्रत्यक्षात बराच जड जातो. अर्ध्या मिनिटाच्या जोरदार तुकड्यांत हृदयगतीकडे पाहण्यात अर्थ नाही. ती मागून येते आणि तुकडा संपल्यावरही वाढत असते. तेथे श्रमाचा स्वतःचा अंदाज जास्त कामाचा.

अनुकूल वाऱ्याच्या लाटांवर घसरत जाताना तर सगळे उलटेच होते: वेग सर्वाधिक आणि हृदयगती उतरलेली. हवाई बेटांमधील मोलोकाई ते ओआहू या सुमारे ५१ किलोमीटरच्या सामुद्रधुनीतील शर्यतीसारख्या ठिकाणी लाट ओळखून योग्य क्षणी चार-पाच जोरदार स्ट्रोक मारणे हेच कौशल्य असते, आणि सरासरी स्ट्रोकसंख्येत ते हरवून जाते. त्या सरावाची नोंद वेगळ्या वहीत असलेली बरी.

उपकरणाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. नोंद दर सेकंदाला होईल अशी रचना करावी. प्रत्येक स्ट्रोकमध्ये बोर्ड झेपावतो आणि मंदावतो, म्हणून क्षणाचा वेग न दाखवता दहा सेकंदांची सरासरी दाखवावी. टचस्क्रीन कुलूपबंद ठेवावा. पाण्याचे थेंब बटणे दाबतात. मनगट वळवून पाहिले की स्ट्रोक मोडतो, त्यामुळे बोर्डाच्या पुढच्या भागावर बसवलेला पडदा सोयीचा, फक्त ध्रुवित (पोलराइज्ड) काचांच्या गॉगलमधून तो काही कोनांत पूर्ण काळा दिसतो, हे आधी तपासावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि चार्जिंगचे बिंदू कोरडे करणे टाळू नये.

महिन्यातून एकदा मी पाण्याच्या ठरलेल्या पट्ट्यात, तोच बोर्ड, तेच वल्हे आणि तीच फिन (बोर्डाखालचे पर) घेऊन, हृदयगती एका मर्यादेत ठेवून जाऊन-येऊन चाचणी करते, आणि वारा, भरती-ओहोटी, पाण्याची उंचसखलता व श्रमाचा अंदाज हाताने लिहून ठेवते, कारण अॅप यातले बरेचसे विचारत नाही. त्याच हृदयगतीला दोन्ही दिशांचा सरासरी वेग वाढला आणि स्ट्रोकसंख्या तीच राहिली, तर तंत्र सुधारले असे मी धरते. वेग वाढला, स्ट्रोकही वाढले आणि प्रति स्ट्रोक अंतर टिकून राहिले, तर दम वाढला आहे. वेग घटला आणि नोंदीत समोरचा वारा लिहिलेला असला, तर त्या दिवसाच्या आकड्यांवरून सरावाचा आराखडा बदलत नाही.