गरम झालं की बंद पडतं

सोमवार, रात्री

आज पुन्हा तेच. दादा पुण्याहून ऑनलाइन आला, मॅचचा दुसरा हाफ सुरू झाला आणि टीव्ही काळा. आधी कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या, पंख्याचा आवाज चढत जातो, मग चित्र गोठतं आणि मशीन आपोआप बंद होतं. लगेच चालू केलं तर दहा मिनिटंही टिकत नाही. तासभर थंड होऊ दिलं की पुन्हा व्यवस्थित चालतं, जणू काही झालंच नाही.

गेम अर्धवट राहिला याचं मला एवढं वाईट वाटत नाही. दादा हिंजवडीला गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का", "तिकडं पाऊस आहे का" याच्या पुढं सरकत नाही. हेडफोन लावून खेळायला बसलो की मात्र तो मोकळा होतो. ऑफिस, खोलीचं भाडं, आईनं पाठवलेली स्थळं, सगळं निघतं. आज तो नोकरी सोडायचं म्हणत होता आणि नेमका तेव्हाच आवाज तुटला. मी लगेच फोन लावला. "काही नाही गं, नंतर बोलू."

मंगळवार

सगळं करून पाहिलं. जाळीतली धूळ काढली, कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर टेबलावर आणला, एचडीएमआय केबल बदलली, स्पाइक गार्ड काढून थेट भिंतीच्या प्लगला जोडला. पावसाळ्यात बेळगावातल्या शहापुरातल्या आमच्या या जुन्या घराला ओल येते, म्हणून खोलीही बदलली. बाबांनी मल्टिमीटर लावून व्होल्टेज तपासला, तो २३० च्या आसपास होता. म्हणजे करंटचा दोष नाही.

बाबांची उभी हयात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली. गेम कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही, पण धातू तापल्यावर काय करतो ते पक्कं माहीत आहे. मशीन बंद पडल्याबरोबर त्यांनी मागच्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गरम झालं की सोडूलालंय बघ. आत कुठंतरी जोड हललाय. तापला की फाकतोय, गार झाला की परत टेकतोय."

रात्री वाचत बसले. बाबा म्हणाले तसंच एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. २००५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलमध्ये हा आजार होता. समोरच्या गोल बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की मशीन गेलं. २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडापुरती वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुढं त्यांच्याच माणसांनी कारण सांगितलं. मशीन चालू-बंद करताना चिप तापायची आणि निवायची, आणि त्या ताणानं आतले जोड तुटायचे. आमचा कन्सोल त्या कंपनीचा नाही, आणि त्याच्या आत नेमकं काय बिघडलंय हे उघडल्याशिवाय कळणार नाही. पण बाबांचा अंदाज हवेतला नव्हता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

गुरुवार

गल्लीतला एक ओळखीचा मोबाईल रिपेअरवाला म्हणाला, "द्या इकडं, हीट गन मारून देतो. तासाभराचं काम." दिलं नाही. हीट मारली की जोड काही दिवस टेकतात आणि पुन्हा सुटतात. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेली, आणि ती संपायला अजून अवकाश आहे. त्याचा हेतू चांगला होता, त्यामुळे नाही म्हणताना जीवावर आलं.

शनिवार

सर्व्हिस सेंटरची गोष्ट लिहून ठेवायलाच हवी.

मागच्या वेळी मशीन तिथं ठेवून आले होते, तेव्हा "दोष आढळला नाही" असं लिहून परत आलं. आज विचारल्यावर कळलं, त्यांनी ते एसीच्या खोलीत थोडा वेळ नुसता मेनू लावून पाहिलं होतं. मेनूवर मशीन तापणारच कसं? मी कन्नडमधून नीट सांगितलं की चाळीसेक मिनिटं गेम चालवल्यावरच बंद पडतं. काउंटरवरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, घरी खेळतं कोण? त्यांना पाठवा." मीच खेळते म्हटल्यावर तो हसला. मला राग आला, अजूनही आहे. बिघाड मी सांगितला काय नि दादानं सांगितला काय, मशीन तेच आहे.

घरी येऊन बाबांबरोबर व्हिडिओ काढला. आधी कन्सोलच्या तळाशी असलेला सीरियल नंबर जवळून, मग शेजारी भिंतीवरचं घड्याळ टेकवून टीव्ही, घड्याळ आणि मशीन एकाच चौकटीत. मध्ये कुठंही न तोडता, बंद पडेपर्यंत. बाबा खुर्चीवर मशीनकडं डोळे लावून बसले होते, भट्टीसमोर बसावं तसे. पंखा चढायला लागला तसे म्हणाले, "आता जातंय." आणि गेलं.

रविवार

कंपनीला ईमेल लिहिला. भाषा शांत ठेवली. बिल, आधीची जॉबशीट (सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून देतं तो कागद) आणि व्हिडिओ जोडला. तोच दोष परत आल्यामुळे दुरुस्ती नको, मशीन बदलून द्या, असं स्पष्ट मागितलं. शेवटी लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे गरज पडल्यास मी बेळगावच्याच ग्राहक आयोगात जाईन. हे लिहायचं कारण असं की इथल्या बऱ्याच जणांना वाटतं, कंपनी बंगळूरची किंवा मुंबईची म्हणजे भांडायलाही तिकडंच जावं लागणार. तसं नाही. माल ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फीसुद्धा नाही. आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

बुधवार

कंपनीनं मशीन मागवून घेतलं. जॉबशीटवर या वेळी "ऑन-ऑफ प्रॉब्लेम" एवढंच लिहू दिलं नाही. "सलग गेम चालवल्यावर सुमारे ४० मिनिटांनी बंद, व्हिडिओ सोबत" असं पूर्ण वाक्य लिहवून घेतलं, तोवर जागची हलले नाही.

पाठवण्याआधी सेव्ह केलेले सगळे गेम पेनड्राइव्हवर उतरवले. विकत घेतलेले गेम खात्यावर असतात, ते पुन्हा डाउनलोड होतात. पण मशीन बदलून आलं की जुन्यातलं सेव्ह गेलंच समजायचं. दादानं आणि मी मिळून उभा केलेला क्लब त्यात आहे. त्याच्या गोलकीपरचं नाव आम्ही आजोबांचं ठेवलंय.

मूळ खोका माळ्यावर सापडला, त्यात आईनं गणपतीच्या माळा आणि झिरमिळ्या भरून ठेवल्या होत्या. तिनं त्या न कुरकुरता जुन्या पातेल्यात काढल्या आणि थर्माकोल स्वतः पुसून दिला.

शुक्रवार, रात्री

बदली मशीन आलं! नवा सीरियल नंबर, नवं सील. पेनड्राइव्हवरचं सगळं नीट उतरलं. बाबांनी घड्याळ शेजारी लावूनच चालू करायला लावलं. चाळीस मिनिटं झाली, तास झाला, दीड तास झाला. पंख्याचा आवाज चढला नाही.

दादा आला. दोन मॅच झाल्यावर मीच विचारलं, नोकरीचं काय ठरवलंस? बराच वेळ बोलला. दिवाळीपर्यंत थांबणार आहे आणि मधल्या काळात दुसरीकडं बघणार आहे. आईला अजून सांगायचं नाही म्हणाला, म्हणून बाकीचं इथं लिहीत नाही.

बिलावर अजून जुनाच नंबर आहे. उद्या खडेबाजारातल्या दुकानात जाऊन नवा नंबर लिहवून शिक्का मारून घ्यायचा, आणि उरलेली वॉरंटी नव्या मशीनला लागू आहे हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागायचं.